डाव्या भुवईवरचा व्रण

देश एवढासा, की नकाशावर त्याचं नाव लिहायला समुद्रातली जागा उसनी घ्यावी लागे. माणसं थोडी, पत्रं त्याहून थोडी, पण टपालाची तिकिटं मात्र देखणी. दूरदूरचे संग्राहक ती मागवून घेत आणि भिंगाखाली धरून बघत. त्यांच्याही आधी ती एका बाईच्या भिंगाखालून जात. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. छापून आलेला प्रत्येक ताव ती तपासायची. कुठे शाई फुटली, कुठे रेघ तुटली, तर लाल पेन्सिलीने गोल करायची, आणि निर्दोष तावाखाली लिहायची, ‘बिनचूक’. तिचा धाकटा दीर त्याच छापखान्यात ठसे कोरायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून हळूहळू ती सगळ्या छापखान्याचीच वहिनी झाली होती.

तिचा नवरा टपालबोटीवर होता. पैल बंदरावरून निघालेली बोट एका दुपारी या काठाला लागलीच नाही. बोटीवर सात माणसं होती. सात दिवसांनी टपालाची एक थैली तेवढी वाळूवर आली. छापखान्यात दोऱ्या बांधून ती पत्रं चिमट्यांनी वाळत घातली होती. वहिनीने एकेक पाकीट उलटून पाहिलं. त्याच्या अक्षरातलं एकही नव्हतं.

“थैली आली ना,” ती तेव्हा म्हणाली होती, “मग तोही येईल.”

त्याला पंधरा वर्षं झाली. दरवर्षी कचेरीचा माहितीचा कागद भरताना नवऱ्याच्या रकान्यात ती लिहायची, ‘बोटीवर’. कारकून तो कागद मुकाट्याने फायलीत लावायचा.

यंदा सरकारने ठरवलं, की टपालबोटीच्या स्मरणार्थ सात तिकिटं काढायची. सात माणसं, सात चेहरे. सहा घरांतून फोटो आले. सातव्या घरी दीर स्वतः गेला. पायपुसण्यावर चपला काढून खुर्चीच्या कडेवर टेकला, पाणी प्यायला, पुन्हा पाणी मागितलं.

“किती पाणी पिताय, भावजी? बोला की.”

“दादाचा फोटो हवा होता, वहिनी. तुमच्याकडे आहे तो. दुसरा कुठेच नाही.”

तिने भांडं विसळून उपडं घातलं.

“तुमच्या कोरायच्या खोलीत भिंतीवर नियम लावलाय ना? काय लिहिलंय त्यात?”

नियम लहान पोरालाही पाठ होता. हयात माणसाचं चित्र तिकिटावर छापायचं नाही.

“मग?” ती म्हणाली. “हयात माणसाचा फोटो मी कशी देऊ?”

दीर उठला. दाराची चौकट ठेंगणी होती. सवयीने वाकून बाहेर पडला. याच चौकटीवर लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याचं कपाळ आपटलं होतं. डाव्या भुवईतून रक्ताची धार लागली होती. तिने आपल्या ओढणीची पट्टी फाडून बांधली, आणि तो हसत होता. “घर तुझं, मार मला!” भुवईत तिथे पुन्हा केस आले नाहीत. गव्हाएवढी पांढरी रेघ राहिली. ती नुसत्या बोटाने, डोळे मिटूनही, ती रेघ शोधू शकायची.

नवरा बोटीवर निघताना थैली खांद्यावर टाकायचा आणि स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायचा:

पत्राला नाही पाय, पत्राला पंख नाही
माझिया खांद्यावरी पत्र परगावा जाई

आवाज भसाडा होता. ती म्हणायची, पत्रंच पळून जातील. आता त्या भसाड्या आवाजासाठी तिचे कान दाराकडे लागलेले असत.

छापखान्याच्या साहेबांनी सांगितलं, फोटो नसेल तर सातव्या तिकिटावर नुसती लाट काढू. दिराने मान डोलावली आणि खोलीचं दार लावून घेतलं. नंतर महिनाभर कोरणीचा बारीक करकर आवाज जिन्यापर्यंत यायचा. वहिनीशी तो फक्त कामाचं बोलायचा, नजर न मिळवता.

मग एका सकाळी तावांना भोकं पाडायच्या यंत्रावरची बाई वर आली. तिला सगळे दातेरी म्हणत. यंत्राला जेवढे दात होते, त्याच्या चौथाईही तिच्या तोंडात उरले नव्हते, आणि हा विनोद ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. आज मात्र तिने नुसतेच सात ताव टेबलावर ठेवले, पदराने उगाच टेबलाची कड पुसली आणि तिथेच उभी राहिली.

“काय गं? यंत्र बंद पडलं का?”

“नाही. सातवा बघ. मी थांबते इथे.”

सातव्या तावावर लाट नव्हती. तो होता. पंचवीस वेळा, ओळीने, टोपी मागे सारलेला, ओठ किंचित उघडे, आता गुणगुणेल असा.

वहिनीने भिंग उचललं. डोळे त्याचेच, हनुवटीवरचा खड्डाही तोच. ती खूप वेळ पाहत राहिली. दातेरीला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. पण वहिनीने भिंग खाली ठेवलं, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या तिकिटावर बारीक गोल केला. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पंचवीस गोल झाल्यावर ती उठली, ताव घेऊन जिना उतरली.

दीर खिडकीशी पाठमोरा बसला होता.

“मला माहीत होतं, तुम्ही रागवाल,” तो वळून न बघताच म्हणाला. “कायद्याने तर दादा कधीच गेलेला... पण वहिनी, सहा जण तिकिटावर आणि आमच्या दादाच्या जागी नुसतं पाणी? मला नाही बघवलं. आठवून आठवून कोरला.”

“भावजी, व्रण कुठल्या भुवईला होता?”

त्याचा हात आपसूक स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला.

“आणि हा?”

त्याने ताव घेतला. मग पोलादाचा ठसा उचलून उजेडात धरला. एकदा ताव, एकदा ठसा, पुन्हा ताव. कागदावर व्रण उजव्या भुवईला होता, भांगही उलट्या बाजूला.

ठसा कोरायचा तो आरशातल्यासारखा, उलटा, तेव्हा कागदावर चित्र सुलटं उमटतं. एरवी तो फोटो आरशासमोर ठेवायचा आणि आरशात दिसेल तसं कोरायचा. वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

“अक्षरं उलटी कोरलीत,” तो पुटपुटला. “बोट उलटी, आकडा उलटा. सगळं उलटं, आणि दादा तेवढा...” त्याने ठसा मांडीवर ठेवला. “तो समोर येऊन बसायचा, वहिनी. रोज. जसा दिसला, तसा कोरत गेलो. समोर बसलेल्या माणसाला उलटा करायचं सुचलंच नाही मला.”

इतकी वर्षं वहिनीला वाटत होतं, की वाट बघणारं माणूस जगात एकच आहे.

लाल गोलांचं कानावर आलं तेव्हा साहेब खाली आले. त्यांनी चष्मा वर सारला, ताव नाकाशी धरला.

“अहो, कुठे आहे चूक? एवढंसं तिकीट, त्यावर मुंगीएवढा व्रण. बाहेरच्या लोकांना काय कळणार? अख्ख्या देशात कळणारी माणसं दोन, आणि दोन्ही या खोलीत उभी आहेत.”

“चूक आहे, साहेब. चुकीच्या तावाखाली मी बिनचूक लिहिलेलं नाही कधी.”

“बरं. मग पुन्हा कोरावं लागेल. आणि या वेळी आठवणीवर नाही. फोटोवरून.” त्यांनी आवाज खाली आणला. “नाही तर लाटच काढू. तुम्ही सांगाल तसं.”

त्या संध्याकाळी वहिनीने दिवा लावायच्या आधीच कपाट उघडलं. घडी घातलेल्या सदऱ्यांखाली पत्र्याचा डबा होता, डब्यात फोटो. फोटोच्या कोपऱ्याला पिवळट बुरा धरला होता, पण चेहरा तसाच होता, बत्तीस वर्षांचा. तिने हिशोब केला. ती आता त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी होती. आज तो दारात आला असता, तर तिला ओळखायला त्याला क्षणभर लागलं असतं.

डोळे मिटून तिने फोटोवर बोट टेकवलं. नुसता गुळगुळीत कागद लागला. तेव्हा ती रडली. मोठ्याने नाही, कांदा चिरताना पाणी येतं तसं, हाताचं काम न थांबवता, सदऱ्यांच्या घड्या नीट करत.

सकाळी दीर यायच्या आधी ती त्याच्या खोलीत जाऊन बसली होती. तो आला, तिला पाहून दारातच थबकला. टेबलावर आरसा होता. त्याच्यासमोर तिने स्वतःच्या हाताने फोटो टेकवून उभा केला. आरशातला माणूस अनोळखी वाटत होता, व्रण भलत्या बाजूला, भांग भलत्या बाजूला.

“असाच कोरायचा ना?”

“असाच.”

“मग कोरा. मी बसते थोडा वेळ. तुम्ही पुन्हा चुकाल.”

तो हसला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. मग त्याने खुर्ची पुढे ओढली. कोरणी पोलादावर टेकली, करकर सुरू झाली. ती ऐकत राहिली. काही वेळाने त्या करकरीखाली तिला दुसरं काहीतरी ऐकू आलं. दीर गुणगुणत होता. आवाज तसाच भसाडा होता.

नवा ताव तीन आठवड्यांनी तिच्या टेबलावर आला. तिने पंचवीसच्या पंचवीस तिकिटं भिंगाखाली तपासली, घाई न करता. मग पेन्सिल खाली ठेवली, पेन घेतलं, आणि तावाखाली लिहिलं, ‘बिनचूक’.

त्याच आठवड्यात कारकून माहितीचा कागद घेऊन आला. नवऱ्याच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. कारकून खिडकीबाहेर बघत राहिला. मग तिने लिहिलं, ‘हयात नाही’, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, आणि मग त्याला दिला.