खरबरीत बाजू

टेलरबाईंचं डोकं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच तापलं होतं. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या पडलेल्या समोरच्या दाताच्या जागी हाडाचा चुरा भरला होता आणि वर जनावराच्या कातडीपासून केलेला पातळ पडदा घातला होता. पडद्याच्या आडोशाला हाड भरेल, मग त्यात नवा दात स्क्रूसारखा बसवू, असं ठरलं होतं. हाड भरलंच नाही. आज तेच पुन्हा करायचं होतं आणि आता फसलं तर दात विसरायचा होता.

खापर फुटलं बाईंच्या माथी. शिवताना दातांनी दोरा तोडला असणार, असं डॉक्टर म्हणाले आणि लेकीने ते उचलून धरलं. बाईंनी दोन महिने पातळ खाऊन काढले होते, प्रत्येक दोरा कात्रीने कापला होता. तरी 'आई, तू कुणाचं ऐकतच नाहीस' हे पालुपद रोजचं. शेवटी त्यांनाच वाटायला लागलं, झोपेत काही चावलं असेल का आपण?

लेकही सोबत आत आली होती. खुर्चीत टेकल्यावर बाईंनी आपली फाइल चाळली. त्यात ओळ होती: 'रुग्णाचा निष्काळजीपणा.' बाईंच्या कानशिलात ठणका सुरू झाला.

नव्या नर्सने पाकीट फोडलं. डॉक्टरांनी आधी कागद बेतला, त्यावरून पडदा कापला. बेतणं चोख होतं, तेवढं बाईंनी रागातही कबूल केलं.

"याची सुलट कुठली?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "काकू, हे काय कापड आहे?"

"पण बाजू असतात, मावशी," नर्स बोलून गेली. "खरबरीत हाडाकडे, गुळगुळीत हिरडीकडे."

बाई ताठ बसल्या. मागच्या वेळी डॉक्टरांनी पडदा त्यांच्या नाकासमोर धरून कोपरा छाटला होता आणि तसाच आत ठेवला होता. खरबरीत लव वर होती. चाळीस वर्षं कापड हाताळलेल्या डोळ्यांना ती स्वच्छ दिसली होती. त्यांच्या धंद्यातली रीत असेल, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसण्याचाच आता त्यांना जास्त संताप आला.

"मागच्या वेळी खरबरीत बाजू वर होती."

"भुलीत तसं वाटतं, काकू."

"भूल हिरडीला दिली होती. डोळ्यांना नाही."

डॉक्टर हातमोजे ओढत राहिले. नर्स ट्रेकडे बघत होती. लेकीने आईकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. तिने आईच्या मांडीवरची फाइल उचलली, डॉक्टरांपुढे धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोडा."

मग डॉक्टरांनी पेन काढलं आणि ओळीवर रेघ मारली. "झालं समाधान? आता तोंड उघडा."

बाईंनी गळ्यातला कागदी रुमाल सोडला, घडी करून ट्रेजवळ ठेवला आणि खुर्चीतून उतरल्या.

"अहो काकू, खोडलं ना?"

"माझ्या हातून बाही उलटी लागली तर मी उसवते," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचा दंड वाकडा आहे, असं वहीत लिहून ठेवत नाही. तुम्ही खोडलंत. चुकलो म्हणाला नाहीत."

लेक फाइल छातीशी धरून दार उघडून उभी होती. "चल आई," ती म्हणाली, "दुसरीकडे दाखवू."

बाईंनी तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरायला सुरुवात केली. सहा महिन्यांचा हिशेब अजून तिच्याशीही व्हायचा होता.