मी, डोळ्यांत डोकावणारी बॅटरी

मी बोलतेय डॉक्टरीणबाईंच्या वरच्या खिशातून. पेनाच्या शेजारी पेनासारखीच उभी असते, म्हणून लोक मला पेनच समजतात. एकदा एका पेशंटच्या जावयाने सहीसाठी मला मागून घेतलं आणि कागदावर घासघास घासलं. सही उमटली नाही, माझं नाक मात्र खरचटलं. तेव्हापासून आधीच सांगून टाकते, मी डोळे तपासायची बॅटरी आहे. अंगाने बोटाएवढी, उजेड हरभऱ्याएवढा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते धाराशिवच्या एका दुकानातलं काचेचं कपाट. तिथे थर्मामीटरच्या शेजारी मी सहा महिने पडून होते आणि तो मेला तापाशिवाय दुसरं काही बोलत नसे. मग एके दिवशी डॉ. शिवलीला आल्या. डोळ्यांच्या डॉक्टर होऊन नुकत्याच गावी परतल्या होत्या. त्यांनी मला दोनदा लावून बघितलं, दोनदा विझवून बघितलं आणि खिशात टाकलं. मी तेव्हाच मनात म्हटलं, गंगेत घोडं न्हालं.

नंतर माणसांच्या किती तऱ्हा बघितल्या! ‘डोळे उघडा’ म्हटलं की निम्मे लोक तोंड उघडतात. ‘वर बघा’ म्हटलं की मानच वर करतात. म्हाताऱ्या बाया पदर सावरून बसतात, जसा काही फोटोच काढायचाय. मला या सगळ्यांची मजा वाटते आणि खरं सांगायचं तर मायाही वाटते.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत दवाखान्याचे दोन मजले भरून गेले. दाखल झालेल्यांपैकी कुणाचे डोळे लाल होत, कुणाचे चुरचुरत, कुणाचे सारखे गळत. वर काळ्या बुरशीची भीती. म्हणून शिवलीलाबाई रोज सकाळी अंगभर किट चढवून वॉर्डात फेरी मारायच्या आणि मी त्यांच्या हातात, प्लास्टिकच्या पिशवीत. बाहेर आल्यावर मला स्पिरिटची आंघोळ. इतक्या आंघोळी झाल्या, की अंगावरची कंपनीची अक्षरंसुद्धा पुसली गेली. आता मी कुणाच्या घरची, ते मलाच सांगता येत नाही.

त्या वॉर्डात खिडकीपाशी कमलबाई होत्या. भूमकडच्या. त्यांची खव्याची भट्टी होती आणि खवा ओळखण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कढईतल्या दुधाचा रंग कधी बदलला, दाणा कधी धरला, हे त्या नुसत्या नजरेने सांगायच्या. ती नजर गेली, तर भट्टीत राहिलं काय? शेजारच्या खाटेवर तेरच्या गौराबाई. दोघींची ओळख चार दिवसांची, पण मैत्री अशी, की एकीने पाणी मागावं आणि दुसरीची तहान भागावी.

शिवलीलाबाई रोज कमलबाईंपुढे बोटं धरायच्या.

“मावशी, किती बोटं?”

“तीन.”

“आता?”

“एक.”

उत्तरं एकदम बरोबर. पण मला पुढे केलं, की बाई डोळे गच्च मिटून घ्यायच्या. “उजेड सोसंना बघा. बोटं दिसल्याली हायत की, मग कशाला?” झाकली मूठ सव्वा लाखाची! वॉर्डात अजून तीस पेशंट वाट बघत असायचे. शिवलीलाबाई पुढे जायच्या. मला मात्र चैन पडेना. डोळा दाखवायला नको म्हणणाऱ्या माणसाचा मला आधीपासून संशय येतो.

दोन दिवसांनी सुनेचा, वैष्णवीचा, व्हिडिओ कॉल आला. तिने कढई दाखवली आणि विचारलं, “मामी, उतरवू का आता?” कमलबाईंनी मोबाइल नाकाला लावला, लांब धरला, पुन्हा नाकाला लावला आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाल्या, “अजून आटीव.” वैष्णवीने आटवलं. अख्खा घाणा करपला. कमलबाईंनी सगळा दोष मोबाइलवर ढकलला, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी बिंग फुटलं. शिवलीलाबाईंनी दोन बोटं धरली. नेमकी त्याच वेळी गौराबाईंना खोकल्याची उबळ आली आणि त्यांच्या हातातला चमचा खाटेच्या दांडीवर खणखणखणखणखण वाजला.

“पाच!” कमलबाई ठणकावून म्हणाल्या.

शिवलीलाबाईंनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं, मग चमच्याकडे बघितलं. गौराबाईंनी चमचा झटकन उशीखाली सारला.

“गौराक्का,” शिवलीलाबाई म्हणाल्या, “तुम्ही वाजवून सांगत होता?”

“म्या काय करू ओ? तिनंच शपथ घातली.” गौराबाईंचा खोकला आणि हसू एकत्रच सुरू झालं. शुभांगी सिस्टर तर भिंतीला टेकून हसायला लागल्या. किटात हसणं सोपं नसतं, चष्म्यावर लगेच वाफ धरते. पण त्या दिवशी वॉर्डातल्या ज्याला ज्याला दम होता तो हसला.

हसल्या नाहीत त्या फक्त कमलबाई. त्यांनी शिवलीलाबाईंचा हातमोज्यातला हात धरला. “पोरी, खरं सांगते. चार दिस झालं, समदं धुरकाट दिसतंय. डोळ्यात वाळू टाकल्यागत होतंय. तुला कळलं तर तू डोळा काढशील. काळ्या बुरशीत काढत्यात म्हणं. मला मरायचं भ्या न्हाय गं, पण आंधळी होऊन भट्टीपुढं कशी बसू?”

शिवलीलाबाई खाली वाकल्या. “मावशी, मला आधी बघू तर द्या. लपवलं तर मला मदत कशी करता येईल?”

त्या दिवशी कमलबाईंनी डोळे उघडले. पाणी वाहत होतं, पण उघडले. आधी माझा उजेड नाकात, मग टाळूवर फिरवला. कुठेही काळं नव्हतं. गाल सुन्न नव्हता, सूज नव्हती, डोळे चारी दिशांना नीट फिरत होते. मग मी बुबुळावर पडले. ते सुकून निस्तेज झालं होतं, खालच्या बाजूला धूसर पट्टा होता.

आणि एक गोष्ट दिसली, तिचा मला आजही अभिमान आहे. माझ्या उजेडात कमलबाईंच्या पापण्या हलत होत्या. खिडकी बंद, पंखा बंद, तरी पापण्या भुरुभुरु हलत होत्या.

शिवलीलाबाईंनी पाण्याचा थेंब आपल्या मोज्यावर घेतला आणि बोट मास्कच्या वरच्या कडेशी धरलं. थेंब थरथरला. मास्क नाकापाशी नीट बसला नव्हता. जोराचा ऑक्सिजन तिथून निसटून रात्रंदिवस थेट डोळ्यांवर जात होता.

“बुरशी नाही मावशी. वाऱ्याने डोळे वाळलेत. भट्टीच्या झळीने चुरचुरतात ना, तसेच.”

“मग काढायचा न्हाय?”

“काढायचा कशाला? पण अजून चार दिवस लपवलं असतं, तर बुबुळावर जखम होऊन फूल पडलं असतं, कायमचा पांढरा डाग.”

कमलबाईंचा जीव भांड्यात पडला आणि मग त्या लहान मुलीसारख्या रडल्या. शुभांगी सिस्टरांनी मास्क बदलून घट्ट बसवला. दर दोन तासांनी थेंब, झोपताना मलम आणि पापण्यांवर हलकी चिकटपट्टी. तिसऱ्या दिवशी वाळू गेली. आठव्या दिवशी कमलबाईंनी खिडकीतून समोरच्या लिंबावरच्या साळुंक्या मोजल्या आणि गौराबाईंना ऐकवल्या. मग सुनेचा कॉल घेतला. कढईकडे जरा बघून म्हणाल्या, “उतरीव. आत्ता उतरीव!” खवा कसा उतरला म्हणता? तसाच ताजा खवा पुढच्या महिन्यात डबा भरून दवाखान्यात आला.

स्वतः कमलबाईच घेऊन आल्या. शिवलीलाबाई आता साध्या साडीत होत्या, तोंड उघडं. कमलबाई दारातच थांबल्या. किटामुळे चेहरा कधी दिसलाच नव्हता, ओळखीचा होता तो फक्त आवाज.

“तूच व्हय ती? अगं, एवढीशी हायस!” त्यांनी शिवलीलाबाईंची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि निरखून बघितलं, जशा कढईत बघतात तशा. “डोळ्यांखाली लई काळं झालंय. झोपत न्हाईस, व्हय?”

मी खिशात होते, विझलेली. वर्षभर सगळ्यांचे डोळे तपासणाऱ्या माझ्या बाईंचे डोळे कुणी तपासले नव्हते. कमलबाईंनी डबा उघडला आणि खव्याचा पहिला घास त्यांना स्वतःच्या हाताने भरवला.

आता माझं बटण सैल झालंय, उजेड पिवळा पडलाय. टेबलावर नवी, पांढऱ्या उजेडाची बॅटरी आली आहे. तरी बाई मला खिशातून काढत नाहीत. निरोप घ्यायच्या आधी एवढंच मागते: आजारपणात डोळा लाल झाला, धूसर दिसलं, तर भीतीने मिटून बसू नका, दाखवा. आणि बरे झालात, की आपल्या डॉक्टरांच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.