न कापायचं गवत

"ओढा मामंजी, ओढा! जोर लावा की जरा!"

स्टेइनुननं गाईच्या पोटाखालून दोर घातला होता आणि त्याचं एक टोक सासऱ्याच्या हातात दिलं होतं. हुप्पा कशीबशी उठली, चार पाय फाकून उभी राहिली, थरथरली आणि मटकन खाली बसली. सकाळपासून ही तिसरी खेप.

"ऱ्हाऊ दे पोरी," एयोल्फुर म्हातारा धापा टाकत म्हणाला. "उठून तरी खानार काय ती?"

खाणार काय, हाच तर घोर होता. पंचांगात उन्हाळा लागून पाच आठवडे झाले होते म्हणे. कसला डोंबलाचा उन्हाळा! आइसलंडच्या या उत्तर टोकाला सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, पण खाडीत समुद्राचा बर्फ ठाण मांडून बसला होता आणि त्याच्यावरनं येणारा वारा मातीतून पातं वर येऊ देत नव्हता. गंजी संपली. सुक्या माशांची डोकी कुटून झाली, गादीतलं गवत उपसून झालं, मातीच्या छपरावरचं जुनं वाळकं गवतसुद्धा तिनं खरवडून गाईपुढं टाकली. मेंढ्या किनाऱ्यावरचं शेवाळ चघळून दिवस काढत होत्या, गाईला ते सोसेना.

गाय गेली की दूध गेलं. आणि घरात तिची दहा महिन्यांची लेक सिग्गा होती. हिवाळ्यात नवरा ओड्डुर मासेमारीत बुडाल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात स्टेइनुनच्या अंगावरचं दूध आटलं होतं.

हिरवं म्हणून एकच जागा होती. घरामागच्या टेकाडाच्या पायथ्याला, दक्षिणेच्या अंगाला, दोन घरांएवढा तुकडा. तिथं गवत पार नडगीपर्यंत आलं होतं. पण तिथं विळा लावायचा नाही, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. टेकाडात माणसं राहतात. ती दिसत नाहीत, पण ते गवत त्यांचं. एयोल्फुरच्या आजानं एकदा कापलं, तर पुढच्या हिवाळ्याआत त्याची दोन्ही घोडी कड्यावरून गेली.

स्टेइनुननं दोर टाकला आणि भिंतीवरचा विळा काढला.

"कुठं निगालीस?"

"ठावं हाय तुमास्नी."

म्हातारा लंगडत तिच्या पुढं गेला आणि हात पसरून हिरव्या तुकड्याच्या कडेला आडवा उभा राहिला.

"म्या जित्ता हाय तवर न्हाई!"

"मग पोरीला काय पाजू? वारा?"

"पानी पाज, कायबी पाज. पर हितं हात लावू नगंस, पाया पडतो तुज्या. ते नेल्याबिगर ऱ्हात न्हाईत, सूनबाई!"

"आज्याची घोडी नेली, ऐकलंय म्या. आपल्याकडं हायती का घोडी? न्हेऊ द्या काय न्यायचं ते!"

"घोडी न्हाई गं..." म्हाताऱ्याचे हात खाली आले. तो तिथंच मातीत बसला. "म्या कापलं."

"कवा?"

"सरत्या उन्हाळ्यात. तुमी दोगं चर्चला गेलाता. गंजी कमी वाटली मला. म्हनलं, कोन बघतंय? एकच भारा कापला. आन् हिवाळ्यात आपल्या ओड्डुरची व्हडी..." त्यानं टेकाडाकडं बोट केलं. "समदी म्हनत्यात वाऱ्यानं उलटली. रोज पहाटं दारात हुबा असतोय गं त्यो. वलाचिंब. बोलत न्हाई. नुसता बघतोय माज्याकडं."

स्टेइनुननं वळून घराच्या दाराकडं बघितलं. उंबऱ्याच्या आत रोज सकाळी ओल असायची. छप्पर गळतंय असं समजून ती मुकाट पुसत आली होती.

हातातला विळा म्हाताऱ्याच्या मानेवर घालावा असं तिला वाटलं. खरंच वाटलं. मग घरातून सिग्गाचं रडणं ऐकू आलं. तेही आता बारीक झालं होतं.

"एका भाऱ्याला मानूस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सव्वीस वर्सांचा? माज्या पोरीचा बाप?"

"व्हय गं बाई, व्हय."

"मग समदं गवत आपलं झालं. सरका."

ती वाकली आणि कापत सुटली. दर मुठीला ती टेकाडाकडं बघायची. टेकाडातून हूं नाही की चूं नाही. तेच जास्त भ्या घालणारं होतं.

रोज थोडंथोडं करत तो तुकडा आठ दिवस पुरला. चौथ्या दिवशी हुप्पा आपली आपण उठली. सहाव्या दिवशी सडांना धार फुटली, पातळ आणि थोडी, पण कोमट. सिग्गा पोटभर प्याली आणि किती दिवसांनी शांत झोपली.

स्टेइनुननं उरलेलं दूध वाटीत ओतून सासऱ्यापुढं धरलं. त्याचीही आता नुसती हाडं उरली होती. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मला नगं. माज्या घशाखाली उतरायचं न्हाई ते."

तिनं त्याचा हात धरला आणि वाटी त्याच्या बोटांत घट्ट बसवली.

"प्या मामंजी," ती म्हणाली. "तुमच्या लेकाचं हाय."

म्हाताऱ्यानं वाटी तोंडाला लावली, आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही.