आईच्या मिरचीचं बी

धाकट्या जावेने माझ्या आईच्या मिरचीचं बी ढापलं. आधीच सांगून टाकते, उगाच आडपडदा नको.

आई गेली तेव्हा बहिणींनी तिचे दागिने घेतले, मी बियांची पुडी घेतली. मिरची बोटाच्या पेराएवढी, वर तोंड करून उभी राहणारी, देठाशी जांभळी. अर्धी घातली तरी सगळ्या घराच्या नाकाडोळ्यांतून पाणी. शिलाई मशीनशेजारच्या फळीवर मी ती दरवर्षी रुजवायचे. फुलांना मलमलीच्या इवल्या पिशव्या शिवून बांधायचे, म्हणजे दुसऱ्या मिरचीचा पराग शिरत नाही. नवं बी धरलं की जुनं मागे ठेवायचं नाही, ही आईची रीत.

त्या वर्षी ऐन पेरणीत माझं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं. पुडी वरच्या मजल्यावरच्या धाकटीकडे दिली. तीन आठवड्यांनी ती साळसूदपणे कोरडा ट्रे घेऊन आली. एकही उगवलं नाही म्हणाली. मी दोन दिवस जेवले नाही.

पुढे पट्टी सुटली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर तिच्या सहा कुंड्यांत सहा झाडं. पानांच्या देठांशी तीच जांभळी झाक. तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं, तर म्हणे बाजारातलं बी आहे, ताई, तुम्हाला दिसतं कुठे अजून नीट.

मी जिना उतरून खाली आले. घरी ढोबळ्या मिरचीची दोन तयार रोपं आणून लावली.

झाडं फुलावर आली आणि धाकटी आठ दिवस लेकीकडे निघाली. कुंड्यांना पाणी घालायला कोणाला सांगावं? मलाच. बाईच्या हिमतीला दाद द्यायला हवी. मी रोज सकाळी शिलाईचा चिमटा घेऊन वर जायचे. उमलायच्या बेतातली कळी उघडायची, आतले पुंकेसर उपटायचे, ढोबळीचा पराग लावायचा. फार नाजूक काम ते, पण ज्या बाईने चाळीस वर्षं हुक-काज केलं तिला काय कठीण? आधी धरलेल्या तीनच मिरच्या होत्या, कोवळ्या. त्या तोडून घरी आणल्या. म्हटलं, खिडकीत पिकतील, आपलं बी आपल्याला.

त्या पिकल्या नाहीत. सुरकुतल्या. तरी बी काढून पेरलं. महिनाभर ट्रेवर वाकून बसले. माती तशीच राहिली. कोवळ्या मिरचीचं बी रुजत नाही हे मला आई शिकवून गेली होती, पण रागाच्या भरात कुठलं आठवायला.

पराग परका असला तरी त्या वर्षीचं फळ आईच्याच मिरचीसारखं येतं, फरक उतरतो तो बियांत. गच्चीवर पहिल्या लाल झालेल्या मिरच्यांचं बी धाकटीने धरलं आणि हंगाम संपताच झाडं उपटून टाकली. पुढच्या वर्षी अख्ख्या इमारतीला रोपं वाटली. माझं खास वाण, जपून खा, असं नाकाने कांदे सोलत सांगितलं. फळं आली ती जाडसालीची, बोथट, खाली लोंबणारी. जीभ जरा चुरचुरायची, बस. तळमजल्यावरचे मास्तर म्हणाले, ही तर नातवाने कच्ची खाल्ली. जिन्यात सगळे हसले. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी धाकटी दारात आली. डोळे सुजलेले.

"ताई, ते बी तुमच्या आईचंच होतं. मी चोरलं. माझ्या हातून बिघडलं." मग म्हणाली, "तुमच्याकडे चिमूटभर असेल ना अजून? एवढी चांगली मिरची जायला नको."

चोरीची कबुली ऐकायला मी वर्षभर झुरले होते. पण तिला अजून वाटत होतं की तिच्याच हातून बिघडलं. एका शब्दाने मी तिची सुटका करू शकत होते.

"आहे," मी म्हणाले. "पण तुला एकही दाणा देणार नाही."

दार लावून घेतलं. घरात एक बी नव्हतं.