निळ्या पेशींची काचपट्टी

मी एक काचपट्टी बोलतेय. माझ्या अंगावर उंदराच्या मेंदूचा काप आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. सूक्ष्मदर्शकाखाली धरलंत, तर त्यात निळ्या पेशी दिसतील.

सांगलीच्या विश्रामबागेतला नागसेन परदेशात संशोधन करायचा. तिथल्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. सर्दीच्या विषाणूची वाढायची ताकद काढून त्याने त्यात नवं जनुक भरलं आणि तो उंदराच्या मेंदूत सोडला. जिथे जनुक पोचलं, त्या पेशी रंगवल्यावर निळ्या झाल्या. मला पाहून तो खुर्चीतून उठलाच.

१९९४च्या उन्हाळ्यात त्याने मला रुमालात गुंडाळून घरी आणलं. त्याची धाकटी बहीण आम्रपाली, घरच्यांची आमू, अंथरुणाला खिळली होती. जन्मापासून एक जनुक बिघडलेलं. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत होत्या. कबड्डीचं मैदान दणाणून सोडणारी पोर घोटभर पाणी गिळताना दमायची.

नागसेनने ओळखीच्या कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणला. त्याच्या आईने, आक्काताईंनी, एक डोळा मिटून मला पाहिलं.

"लय निळं हाय रं! मग आमूला का न्हाई देत ह्ये?"

"आई, ही नुसती खूण हाय. जनुक आत पोचलं, एवढंच कळतंय. आमूला लागणारं जनुक अजून आमाला भरता आलेलं न्हाई. अन् विषाणूनं तिचा मेंदू सुजला तर?"

"तशीबी जातीयाच की ती! टोच सुई. हात जोडते तुला."

त्यांनी खरंच हात जोडले, पोटच्या पोरापुढे. नागसेनला मान वर करवेना.

मग त्यांनीच विचारलं, "उंदराच्या डोक्यात पोचलं, ह्ये कसं बघितलंस?"

"मेंदू कापून."

"अन् उंदीर?"

त्याने मला सूक्ष्मदर्शकाखालून काढून पुन्हा रुमालात गुंडाळलं. आक्काताईंचे हात सुटले. त्या उठल्या आणि आमूची कूस बदलायला गेल्या.

सुट्टी संपली तरी नागसेन गेला नाही. चमच्या-चमच्याने तो बहिणीला पेज भरवायचा. दिवाळीच्या आधी, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. आक्काताई म्हणाल्या, "जा आता कामाला. पर कुणाच्या लेकराला अंदाजानं सुई टोचू नगंस."

जाताना त्याने मला त्या कॉलेजाला दिलं. आता शतक संपत आलंय, माझा निळा रंग विटलाय. मुलं क्षणभर डोकावतात आणि पुढे सरकतात. त्यांच्यातलं कुणी उद्या या संशोधनाच्या वाटेने गेलं, तर माझं एवढंच मागणं आहे: घाई करू नका, आणि थांबूही नका. औषध हाती येईपर्यंतच्या काळात कुणाचं तरी मूल जात असतं.