तीनवर उचलायचं की तीननंतर

सामान हलवणाऱ्या त्या कंपनीत मुकादमाच्या आवाजाला मोठा मान होता. "एक... दोन... तीन!" अशी त्याची आरोळी जिन्यात घुमली, की वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनाही कळायचं, खाली कुणाचं तरी कपाट निघालं. त्याच्या टोळीच्या हातून कधी साधी बशी फुटली नव्हती. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे, म्हणजे इतरांना उगीच तसदी नको.

टोळी म्हणजे तरी कोण, घरचीच माणसं. सख्खा मेव्हणा आणि दोन चुलतभाऊ. एका गल्लीत वाढलेले, एकाच शाळेतून पळून गेलेले, पोटंसुद्धा सारखीच सुटलेली. पण मेव्हण्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, चुलतभावांना त्यांच्या मुलांनी घरी बसवलं, आणि त्याच सुमारास जुन्या मालकांच्या खुर्चीवर त्यांची लेक आली. ज्याला काम येतं तो आपला, असं तिचं साधं म्हणणं. बघता बघता मुकादमाच्या ट्रकवर तीन नवी माणसं चढली.

पहिला लांबू. दूरच्या कुठल्याशा बंदरात गोण्या वाहिलेला, आणि इतका उंच, की दारातून वाकून जायची सवय लागून तो मोकळ्या मैदानातही वाकूनच चालायचा. दुसरी पैलवान. वजन उचलायच्या स्पर्धा गाजवून आता दोन मुलींचा संसार उचलणारी बाई. तिला सगळे पैलवान म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. तिसरा सुतार. कपाटं खोलणं-जोडणं हा त्याच्या हातचा मळ, पण जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो हातांनी बोलायचा आणि फारच अडलं तर मोबाइलवर लिहून दाखवायचा.

"एक आभाळाला टेकलेला, एक बाई, आणि एकाला माझा आवाजच पोचत नाही," मुकादम घरी येऊन बायकोला म्हणाला. "ही टोळी म्हणायची का संमेलन?"

"माझा भाऊ होता तेव्हा तरी कुठे खूश होतात तुम्ही?" बायको म्हणाली. "रोज म्हणायचात, मेव्हणा झोपेत ओझं उचलतो."

यावर मुकादमाने पाणी मागितलं. विषय बदलायची त्याची ती जुनी रीत होती.

पण कामावर विषय बदलता येईना. पहिल्याच आठवड्यात एका कपाटाचं काचेचं दार गेलं. मग फिशटँक गेला. मासे वाचले, पण पैलवानने बादली धरली म्हणून. त्यानंतर एका गिऱ्हाइकाचा फ्रीज जिन्यात असा कलंडला, की आतली बर्फाची पेटी शेजारणीच्या दारात जाऊन पडली. दर वेळी मुकादम घसा फोडून मोजायचा आणि दर वेळी सामानाचा एकेक कोपरा सवडीने वर यायचा.

मालकिणीने त्याला आत बोलावलं. लहानपणी हिला खांद्यावर घेऊन त्याने सगळं गोदाम दाखवलं होतं, त्यामुळे ती त्याला काकाच म्हणायची. आजही तिने आधी चहा दिला, तेव्हाच त्याने ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"काका, मला तुमचा मान ठेवायचाय," ती म्हणाली. "पण आता एक जरी वस्तू फुटली, तर ही टोळी मोडून माणसं दुसऱ्या ट्रकांवर वाटावी लागतील. तुम्ही मग गोदामात बसा. खोक्यांवर नंबर चिकटवायचे. पंख्याखाली खुर्ची देते."

त्या पंख्याच्या नुसत्या नावानेच त्याला घाम फुटला. ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून शहर बघायचं, अनोळखी घरांत शिरून त्यांची बिऱ्हाडं जिन्यातून अलगद उतरवायची, यापलीकडे त्याला आयुष्यात काही येत नव्हतं आणि नकोही होतं. खोक्यांवर नंबर चिकटवत तो वर्षभरही तगला नसता.

"उद्याचं काम कुठलं?" त्याने विचारलं.

"नृत्याच्या क्लासचा आरसा. भिंतीएवढा, अखंड. नव्या जागेत न्यायचाय."



दुपारच्या सुट्टीत त्याने टोळीला गोदामातल्या लाकडी बाकाभोवती उभं केलं. सुतार बाकावर बसून निवांत डबा खात होता, त्याला कुणी उठवलं नाही.

"साधी गोष्ट आहे," मुकादम म्हणाला. "तीन म्हटलं की उचलायचं. यात न समजण्यासारखं काय आहे? एक... दोन... तीन!"

पैलवानने दोनलाच उचललं. मुकादमाने तीनला. लांबूने तीन होऊ दिले, एक मोठा हुंकार भरला आणि मग उचललं. तोवर बाक होडीसारखा हेलकावला आणि सुतार डब्यासकट घसरत थेट लांबूच्या पायाशी आला. डबा त्याने सांडू दिला नाही, पण नजर अशी टाकली, की तिचा अर्थ समजायला कुणाला हातवारे लागले नाहीत.

"तुम्ही दोनलाच का उचलता?" मुकादम ओरडला.

"दोनला मी श्वास कोंडते," पैलवान म्हणाली. "कोंडला की वजन वर जातंच. इतकी वर्षं तेच केलंय, मुकादम. आता श्वासाला काय सांगू?"

"आणि तू रे?"

"आमच्याकडे तीन म्हणजे सावध," लांबू म्हणाला. "उचलायचं त्यानंतर. तीन म्हणता म्हणताच उचललं, तर मग तीन म्हणायचं कशाला?"

 सुतारला विचारायचं तर मुकादमाच्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी तो मेव्हण्याकडे गेला. मेव्हणा गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मुकादमाने सगळं गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही लोक होतात तेव्हा काय ताल होता! माझं तीन आणि तुमचे हात, एकदम."

मेव्हणा खो खो हसत सुटला. तेलाची वाटी लवंडली.

"भाऊजी, तुमचं तीन कोण ऐकत होतं? जिन्यात तुमचा आवाज नुसता घुमायचा. एक कुठे, दोन कुठे, काही कळायचं नाही."

"मग उचलायचात कसे?"

"तुमच्या मिशीकडे बघून. तुम्ही उचलायच्या आधी तुमची डावी मिशी वर जाते. तिघंही मिशीवरच उचलायचो. सुरुवातीला आम्हीही फोडाफोड केली की! आरशाचं टेबल विसरलात? तुम्ही त्याचं खापर गिऱ्हाइकावर फोडलंत, म्हणून विसरलात."

मुकादम चहा न पिताच उठला. घरी येऊन तो न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिला आणि बादली उचलून बघितली, पण मुद्दाम बघायला गेलं की मिशी हलेना. त्याला स्वतःची लाज वाटली. तिघांनी इतकी वर्षं त्याच्याकडे बघून आपापले हात जुळवले, आणि त्याने एकदा तरी कुणाकडे बघितलं होतं का? त्याने फक्त मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तो आरसा बघून चौघंही दारातच थबकले. लाकडी चौकटीत बसवलेली लांबरुंद काच. एक कोपरा जरी आधी उचलला गेला तरी पीळ बसून तडकणार. नृत्यशिक्षिका बाजूला हात चोळत उभी होती.

"मी मोजू का?" ती म्हणाली. "आमच्यात आठपर्यंत असतं."

"नको बाई," मुकादम घाईने म्हणाला. "आधीच आमच्याकडे आकडे फार झालेत."

त्याने टोळीला मिशीचं सांगून टाकलं. पैलवान पोट धरून हसली, पण लगेच तिने नेमकी अडचण काढली. आरसा उभा न्यायचा, म्हणजे दोघं पुढून आणि दोघं मागून. मागच्यांना मिशी दिसणार कशी?

मुकादमाने हात टेकले. मग मात्र तो पहिल्यांदाच सुतारसमोर जाऊन उभा राहिला, आरशाकडे बोट दाखवलं, उचलायची खूण केली आणि भुवया वर केल्या. तू कसा उचलतोस?

 इतक्या दिवसांत हे सुतारला कुणी विचारलं नव्हतं. त्याने मुकादमाचा तळवा धरून चौकटीवर टेकवला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बोटाच्या पेराने लाकडावर ठोकलं. टक, टक. मुकादमाच्या तळव्यात ते स्पष्ट पोचलं, जणू कुणी आतूनच दार वाजवतंय. सुतारने मोबाइलवर लिहून दाखवलं: 'पहिल्या ठोक्याला श्वास. दुसऱ्याला उचला. लाकूड सगळ्यांना एकदमच सांगतं.'

"पहिल्याला श्वास, हे मला चालेल," पैलवान म्हणाली.

"आणि पहिला म्हणजे सावध," लांबू म्हणाला. "मलाही चालेल."

आधी त्यांनी तिथल्याच एका टेबलावर करून बघितलं. मग आरशापाशी आले. मुकादमाची जीभ सवयीने 'एक' म्हणायला वळवळत होती; त्याने ओठ घट्ट मिटले. टक. चार छात्या भरल्या. टक. आरसा उठला, असा, की त्यातली समोरची खिडकी जराही हलली नाही. जिना, वळण, ट्रक, नवा जिना, सगळीकडे तेच. शिक्षिका पुढे धावत दारं उघडत होती आणि श्वास घ्यायचंही विसरली होती.

नव्या जागेत मालकीण आधीच येऊन थांबली होती. भिंतीवरच्या लोखंडी आकड्यांत आरसा अडकवायचा, शेवटचं उचलणं. आता चौघंही काचेकडे तोंड करून उभे होते. सुतारने ठोकलं. टक. मुकादमाने समोर बघितलं. आरशात लांबूच्या भुवया चढल्या होत्या, पैलवानचे गाल फुगले होते, सुतारचे डोळे बारीक झाले होते, आणि त्याची स्वतःची डावी मिशी ऐटीत वर चालली होती. टक. आरसा आकड्यांत बसला.

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. त्याला हसू फुटलं, ते आरशात बघून बाकी तिघांनाही फुटलं.

"काका," मालकीण चकित होऊन म्हणाली, "आज तुमचा आवाज नाही आला!"

"ऐकायला कुणी नव्हतं," मुकादम म्हणाला. "सगळे कामात होते."

"मग ती पंख्याखालची खुर्ची? आणून ठेवलीय मी."

 मुकादम सुतारकडे वळला, हवेत खुर्चीचा आकार काढला, ती उचलून लांब कुठेतरी नेऊन ठेवायची खूण केली, आणि त्याच्या खांद्यावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं.