तेत्सुहेईचा तिसरा चेंडू

माझा पोरगा तेत्सुहेई बावीस वर्षं बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा होता. वाढवला मी, आणि पेपरवाले लिहितात प्रशिक्षकाने घडवला. लिहू देत. एकोणिसाव्या वर्षी संघाने नेला, तेव्हा त्याचा चेंडू असा यायचा की पकडणाऱ्याचा पंजा सुजायचा. पुढे दोनदा कोपर फाडून शिवलं. पोट सुटलं, चेंडू मंदावला.

निरोपाच्या सामन्यात तो एकाच फलंदाजाला चेंडू टाकणार होता. सकाळी मला म्हणाला, "समोर त्सुबोई आहे. तीनदा मुद्दाम हवेत बॅट फिरवेल, मी बाद केला म्हणतील, फुलं देतील. तशी रीतच आहे."

"मग तोंड का पाडलंयस?"

"शेवटचा चेंडू तरी खरा पडावा, असं वाटतं गं आई. पण त्याला सांगू कसं? तो मान देतोय मला."

आम्ही सासू-सुना पुढच्याच रांगेत होतो. पहिल्या चेंडूला त्सुबोईने हातभर वरून बॅट फिरवली. लोक टाळ्या वाजवत रडायला लागले. दुसऱ्यालाही तेच. माझ्या पोराने मान खाली घातली, ती वर करेना. तिसऱ्या चेंडूआधी सगळं मैदान चिडीचूप झालं. मला काही बसवेना. चाळीस वर्षं तोसाच्या बंदरावर ओरडून मासे विकलेत मी.

"ए त्सुबोई! डास हाकलतोयस का? माझं पोर जिवंत आहे अजून! मार नीट!"

सून सायो माझी बाही ओढायला लागली. "आई, बसा ना! टीव्हीवर दिसतंय सगळं!"

"दिसू दे. किमोनो नवा आहे."

मैदानभर हशा पिकला. तेत्सुहेईने टोपी काढली, त्सुबोईकडे बघून मान डोलावली. मग पाय उचलला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं त्या चेंडूत घातलं. त्सुबोईनेही कसर ठेवली नाही. कडाड! चेंडू थेट लांबच्या भिंतीवर.

सामना संपल्यावर त्सुबोई माझ्यासमोर कमरेत वाकून उभा. "मावशी, माफ करा."

"माफी माग पहिल्या दोन चेंडूंची. तिसरा झकास मारलास."

आत खेळाडूंच्या खोलीत तेत्सुहेई कोपराला बर्फ बांधत बसला होता.

"आई, भिंतीला कुठे लागला गं?"

"पार वरच्या कडेला."

"बघ! मेलेला चेंडू एवढा लांब उडत नाही. जोर होता माझ्यात." मार खाऊन एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

"होता रे राजा, होता. आता सरक. गाठसुद्धा धड मारता येत नाही तुला."